ऋतू बदलताना आत्मपरीक्षण करावे असे म्हणतात. ते नेमके कधी आणि कसे करावे?

कधी, याचे उत्तर आमच्या यवतमाळ जिल्ह्यात सोपे आहे: कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाल्यानंतर आणि मृग लागण्यापूर्वी. 1 जानेवारीच्या संकल्पांना माझ्या लेखी किंमत नाही, कारण तेव्हा वेचणी आटोपलेली नसते, तूर वावरात उभी असते आणि वर्ष कसे गेले हे सांगण्यासारखे काहीच हाती आलेले नसते.

कसे, हे मी वडिलांकडून पाहिले. गुढीपाडव्याला सालगड्याचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचे, जुने साल संपते व नवे ठरते. त्या दिवशी वडील गड्याला ओसरीत समोर बसवून, सरत्या साली आपले काय चुकले, असे विचारत. 2017 च्या हंगामात विदर्भभर गुलाबी बोंडअळी पडली. बोंड वरून हिरवेगार दिसे आणि फोडले की आत अळी व कवडी झालेला, म्हणजे किडून डागाळलेला, कापूस निघे. पुढच्या पाडव्याला सारे गाव बियाण्याच्या नावाने बोटे मोडत होते. आमचा गडी मात्र म्हणाला, "मालक, बियान्याले काहून बोल लावता? फरदडीच्या दोन क्विंटलापायी आपुनच अळी वावरात पोसली." त्याआधीच्या हंगामात आम्ही फरदड घेतली होती, म्हणजे वेचणीनंतरही पाणी देऊन पऱ्हाटी (कापसाची झाडे) मार्चपर्यंत राखली होती; ती डिसेंबरअखेर उपटली असती, तर निदान आमच्या वावरात तरी अळीचे खाद्य तुटले असते. अळी शेजारून आलीच असती हे खरे, पण गडी शेजाऱ्याबद्दल बोलत नव्हता.

माझे थोरले बंधू नोकरीनिमित्त नागपूरला असतात. ते त्या दिवशी घरी होते आणि गड्याने चारचौघांत मालकाला शिकवावे, हे त्यांना सहन झाले नाही. वडिलांनी त्यांना खाली बसवले आणि गड्याला विचारले, "नाल्याकडच्या वावरात काय पेरावे?" बंधूंच्या मते तो घराण्याचा अपमान होता, आणि आत्मपरीक्षण पहाटे एकट्याने डोळे मिटून करायचे असते. एकट्याने डोळे मिटून बसलेला माणूस नेहमी निर्दोष सुटतो, हे मी त्यांना अनेकदा सांगितले आहे आणि येथेही सांगतो. आपल्या निर्णयाचा भार ज्याच्या पाठीवर पडला, त्याला विचारावे. तो गडी असेल, बायको असेल किंवा कार्यालयातील शिपाई.

मात्र पोट आपल्या हाती असलेला माणूस सहसा खरे बोलत नाही. म्हणून वडील आधी त्याचे साल पक्के करीत, उचल (आगाऊ रक्कम) हातावर ठेवीत आणि मगच विचारीत. हा क्रम बंधूंच्या लक्षात कधी आला नाही. शिवाय हे वेळापत्रक आम्हा कापूसवाल्यांचे आहे. अमरावती जिल्ह्यात वरुड-मोर्शीकडे मृग बहारासाठी, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुले यावीत म्हणून, मे महिन्यात संत्र्याच्या झाडांचे पाणी तोडून त्यांना ताण द्यायचा असतो, त्यामुळे तेथील बागायतदारांनी आपली सवड वेगळी शोधावी. वही लिहावी की ध्यान करावे, याविषयी मला मत नाही.