दोन रात्री कमी कर, रॉड्रिग्जला जा

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मॉरिशसचा बेत वाचला. सगळे मुक्काम एकाच रिसॉर्टात आणि मधे एक दिवस ‘आयलंड हॉपिंग’. म्हणजे स्पीडबोटीनं ईल ओ सेर्फला नेणार, बार्बेक्यू खायला घालणार आणि संध्याकाळी आणून सोडणार. बेट देखणं आहे, नाही म्हणत नाही. पण रिसॉर्टातल्या दोन रात्री कमी कर आणि त्या मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटाला दे.

मुख्य बेटावर तुला पहिल्याच दिवशी घरच्यासारखं वाटेल. जिकडंतिकडं ऊस. शाळांत मराठी शिकवतात, गणेशोत्सवाला सार्वजनिक सुट्टी असते. शेतांत काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतील, ते नीट बघ. ज्वालामुखीचा खडक माणसांनी वेचून रचला, तेव्हा कुठं लागणीला जमीन मिळाली. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी संपली आणि मळेवाल्यांनी भारतातून करारावर मजूर आणले. त्यांत आपल्या कोकणातलीही माणसं होती. ते मजूर जिथं बोटीतून उतरले, त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर एक सकाळ काढ. पण एवढंच बघून आलीस, तर इथं सगळ्यांना सांगत सुटशील की मॉरिशस म्हणजे छोटा भारत. तसं म्हणणारे आपल्याकडं रग्गड आहेत.

रॉड्रिग्ज पूर्वेला साधारण ५६० किलोमीटरवर, विमानानं दीड तास. देश तोच, पण २००२ पासून त्या बेटाची स्वतःची विधानसभा आहे. तिथं उसाचे मोठे मळे उभे राहिले नाहीत, त्यामुळं मजुरांची जहाजंही तिकडं फारशी वळली नाहीत. लोक बहुतेक आफ्रिकी-मादागास्कर वंशाचे, बोली क्रिओल म्हणजे फ्रेंचमधून घडलेली, धर्म कॅथलिक. तुझी हिंदी तिथं चालायची नाही, आणि ते चांगलंच आहे. बेट अवघं १०८ चौरस किलोमीटर, भोवतीचं उथळ खाजण त्याच्या दुपटीहून मोठं. ओहोटीला बाया हातात सळई घेऊन त्या पाण्यात उतरतात आणि ऑक्टोपस टिपतात. मग ते दोरीवर वाळत घालतात, आपल्याकडं बोंबील घालतात तसे. २०१२ पासून ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान काही आठवडे ही मासेमारी बंद ठेवतात, म्हणजे पिल्लं वाढतात. त्या काळात गेलीस तर ताजा ऑक्टोपस मागू नकोस. शनिवारी पहाटे पोर्ट माथुरिनच्या बाजारात जा, तिथल्या मिरचीचं लोणचं घे. कोल्हापूरकराला ते झेपेल.

परतल्यावर मायबूरजवळच्या ईल ओ एग्रेतला अर्धा दिवस दे. जेमतेम २६ हेक्टरचा प्रवाळी तुकडा, मार्गदर्शकाशिवाय फिरता येत नाही. तिथली मूळची महाकाय कासवं माणसानं संपवली, तेव्हा तिथल्या आबनुसाच्या (एबनी) झाडांचं बी पसरवायला कोणी उरलं नाही. म्हणून सेशेल्सच्या आल्डाब्रा जातीची कासवं आणून सोडली. ती फळं खातात, बी विष्ठेतून लांब पडतं आणि रोपं उगवतात. गुलाबी कबुतरंही दिसतील. १९९० च्या सुमारास रानात ती दहाच्या आसपास उरली होती. २०२० मध्ये वाकाशिओ जहाज जवळच्याच खडकावर चढलं आणि तेलाचा तवंग या बेटापर्यंत आला, ते मार्गदर्शकाला विचार. ही माणसं भरभरून बोलतात.

आता व्यवहाराचं. जानेवारी ते मार्च टाळ, चक्रीवादळांचा काळ असतो. रॉड्रिग्जचं विमान लहान, सामान बेताचं ठेव. वाऱ्यापावसानं ते रद्दही होतं, म्हणून तिथून परतल्यावर मुंबईच्या विमानाआधी एक मोकळा दिवस हवाच. ट्रॅव्हलवाला म्हणेल, गरज नाही. त्याचं ऐकू नकोस. रजा एक दिवस वाढवून मिळते का ते आधी बघ, मगच तिकिटं काढ.

तुझे,
सर