येऊरला बेडूक बघायला निघालात? आधी हे वाचा

पहिल्याच पावसाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात निघालात, फार छान! हाताला डासांचं क्रीम किंवा सॅनिटायझर असेल तर बेडकाला आणि डबक्यालाही हात लावू नका. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, पाणीही तिथूनच शोषतो. रसायन त्याच वाटेने आत जातं.

नवखे लोक फक्त मोठे बेडूक शोधतात. तुम्ही अंडी आणि बेडूकमासेही बघा. अंड्याला कवच नसतं, नुसता जेलीसारखा थर. बेडूकमाशाला डबकं सोडताच येत नाही. त्याला पाय फुटून शेपूट जिरते तो काळ फार नाजूक: हा बदल थायरॉइड संप्रेरकावर (हार्मोनवर) चालतो आणि काही कीटकनाशकं नेमकी त्यातच ढवळाढवळ करतात. म्हणून मोठे बेडूक ओरडताहेत म्हणजे पाणी चांगलं, असं धरू नका.

पाण्याच्या चाचण्या पुढच्या वर्षी. यंदा एकच डबकं निवडा, दर रविवारी तिथेच जा.