जळगावहून पहिल्यांदा विमानाने मुंबईला जाताय?

भाऊ, जळगाव-मुंबई सरळ रेषेत साधारण 350 किलोमीटर भरतं, रेल्वेने 420. एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान, ताशी 500 किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणजे हिशेबाने पाऊण तासही नाही. पण तिकिटावर तासाच्या वर वेळ दिसेल, त्याने गोंधळू नका. ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतची असते. मुंबईवर गर्दी असली की आकाशातच घिरट्या. एकदा पावसाळ्यात मी खिडकीतून तीच खाडी तीनदा पाहिली आणि पुढचं दिल्लीचं विमान जेमतेम मिळालं. म्हणून पुढचं तिकीट वेगळं काढलं असेल तर मध्ये चार तास ठेवाच.

खरा वेळ घरापासून मोजा. विमानतळावरचा चेक-इन काउंटर (जिथे बॅग देऊन बोर्डिंग पास घ्यायचा) विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतो. कुसुंब्याचं विमानतळ जळगावकरांना जवळच, पण चोपडा-यावलकडून येणाऱ्यांनी तापीचा पूल आणि शहरातली गर्दी धरायला हवी. भुसावळकरांना मात्र मी रात्रीची रेल्वेच सांगेन.

आणि हो, एटीआरमध्ये डोक्यावरचा कप्पा लहान असतो. भरिताची वांगी हातात नको, मोठ्या बॅगेतच नीट गुंडाळून ठेवा.