हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

इंग्लंडमधील लीड्स शहराजवळ राहणाऱ्या एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे वय ४३, माहेर देवगड तालुक्यात. अनेक वर्षे विमा कंपनीत नोकरी केल्यावर त्यांना आता ती नकोशी झाली आहे. माहेरच्या घरात पर्यटकांसाठी दोन खोल्या आणि जोडीला कोकमाचे आगळ (खारवलेला रस) व आमसुले (वाळवलेल्या साली) यांचा छोटा उद्योग उभारावा, असे त्यांच्या मनात आहे. यजमान म्हणतात, ‘हौस म्हणून कर, पण नोकरी सोडू नकोस.’ सासूबाई विचारतात, ‘सुखाचा जीव दुःखात कशाला घालतेस?’ पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावे तसे, त्यांनी लिहिले आहे की गेल्या वर्षी वडील वारल्यानंतर सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि त्या स्वतः अशी वारस नोंद झाली असून भावाने आता हक्कसोडपत्राचा मसुदा सहीसाठी पाठवला आहे.

ताई, तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हे शेवटचे आहे, म्हणून उत्तराची सुरुवातही तेथूनच करते. वडिलांच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे आणि लग्न झाले, देश सोडला किंवा पासपोर्ट बदलला म्हणून तो जात नाही. मात्र परदेशात राहणाऱ्या व्यक्तीला, ती भारतीय नागरिक असो वा ओसीआयधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेली, पण भारताचे ओसीआय कार्ड असलेली मूळ भारतीय), भारतात शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही स्वीकारता येत नाही. ती केवळ वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने मिळू शकते. याचा अर्थ असा की आज तुम्ही वडिलांच्या आंब्याच्या कलमांच्या बागेतला हिस्सा सोडला आणि पाच वर्षांनी भावाने आपण होऊन, प्रेमाने तो परत द्यायचे ठरवले, तरी तुम्ही इंग्लंडमध्ये राहात असेपर्यंत तसा दस्त करता येणार नाही. बहिणीने सही केली नाही तर माहेर तुटेल, ही भीती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि गणपतीला घरी गेल्यावर कोणी तोंड फिरवू नये असे कोणाला वाटणार नाही? तरीही सही करू नका. भावाला स्वतःच्या शब्दांत पत्र लिहा, बाग विकायची नाही असे स्पष्ट सांगा, कराराने दुसऱ्याला चालवायला दिलेल्या बागेचे उत्पन्न आईच्या हाती जावे असे सुचवा आणि तुम्ही जे उभारू पाहता त्यात त्याचा वाटा काय असेल ते मांडा. मसुदा मात्र स्वतःच्या वकिलाला दाखवा. भावाच्या वकिलाचा सल्ला हा भावासाठी असतो.

आता उद्योगाकडे येऊ. तुम्हांला नोकरी सोडायची आहे की आमसुले करायची आहेत, या दोन इच्छा तुमच्या पत्रात एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय कोणताही निर्णय पक्का होणार नाही. कोकमाचा हंगाम एप्रिल आणि मे महिन्यांत, फार तर जूनच्या सुरुवातीपर्यंत असतो. फळे उतरवायची, साल आणि गर वेगळा करायचा, मीठ घालून रस काढायचा, सालींना त्या रसाची पुटे पुन्हा पुन्हा देत उन्हात वाळवायचे, आणि हे सगळे पहिला पाऊस येण्याच्या आत. त्याच दिवसांत आंब्याची उतरणी चालू असल्यामुळे गावात माणूस मिळत नाही. तुमच्या मुलाच्या शाळेची मोठी सुट्टी जुलैच्या अखेरीस लागते, तोवर येथे भात लावून झालेला असतो. म्हणजे हा उद्योग सुट्टीत येऊन करता येण्यासारखा नाही, आणि पाहुण्यांच्या खोल्यांचेही तसेच आहे: मे महिन्यात भरलेले घर जुलैमध्ये रिकामे असते, वीज जाते, भिंतींना ओल येते. मे महिन्यातला गाव पाहून कोणी निर्णय घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून पुढच्या एप्रिलमध्ये बिनपगारी रजा काढून या आणि एखाद्या महिला बचत गटाबरोबर पूर्ण हंगाम काम करा, मालकीण म्हणून नव्हे तर शिकाऊ म्हणून. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकमाच्या जाती विकसित केल्या आहेत आणि वेंगुर्ल्याला त्यांचे फळ संशोधन केंद्र आहे, तेथेही जाऊन या. कोकमाची रोपे बियांपासून केली तर त्यांत बरीच नर झाडे निघतात, ज्यांना फळ धरत नाही, म्हणून लागवड करायची झाल्यास कलमेच घ्यावीत. अशा गोष्टी विचारल्याशिवाय कोणी आपण होऊन सांगत नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन (त्या प्रदेशाच्या नावाची अधिकृत ओळख) आहे, त्याचा उपयोग विक्रीत होतो. घर भरतीरेषेजवळ असेल तर नवीन बांधकामाआधी सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरील निर्बंधांची, चौकशी करावी लागेल.

इंग्लंडमध्ये एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनच कामाच्या वेळा बदलून मागण्याचा हक्क आहे. राजीनाम्याआधी तो वापरा. तेथील पूर्ण सरकारी पेन्शनसाठी साधारणपणे ३५ वर्षांचे नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सरकारी विम्याची वर्गणी) लागते, तेव्हा तुमची किती वर्षे भरली आहेत ते आधी पाहा.

यजमानांच्या ‘हौस’ या शब्दाने तुम्ही दुखावलेल्या दिसता, आणि ते योग्यच आहे. ते विरोध करत नाहीत, परंतु ज्या कामाला हौस म्हटले जाते त्याला घरात वेळ मिळत नाही आणि पैशाचा हिशेबही कोणी ठेवत नाही. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले तरुणपणी विधवा झाल्या, एका मुलाची आई असताना शिकल्या, महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी गावोगाव फिरल्या आणि चाळिशी उलटल्यावर अमेरिकेस जाऊन, घरकाम करून इंग्रजी शिकल्या व निधी जमवला. त्यांच्या अडचणींशी आपली तुलना होऊ शकत नाही, पण चाळिशीनंतर नवे शिकणे ही आपल्या मुलखातल्या बाईसाठी जुनीच गोष्ट आहे, हे सासूबाईंना जरूर सांगा.

यजमानांशी बोलताना मात्र कागद घेऊन बसा. उद्योगाची नोंदणी आणि अन्नसुरक्षा परवाना तुमच्या नावावर असेल, येथील उत्पन्न तुमच्या एनआरओ खात्यात (परदेशस्थ भारतीयांचे भारतातील उत्पन्न जमा होणारे बँक खाते) जमा होईल, त्यावर भारतात कर भरला जाईल आणि इंग्लंडच्या विवरणपत्रातही ते दाखवले जाईल, आणि एप्रिल-मेमध्ये मुलाचे डबे, शाळा, दवाखाना ते स्वतः पाहतील. यातल्या शेवटच्या मुद्द्यावर त्यांचा होकार मिळत नसेल, तर रजेचा अर्ज देण्याआधी तोच विषय आणखी एकदा बोलून घ्या.