मिनेसोटात सावलीसाठी बर ओक

अमेरिकेतल्या मिनेसोटात अंगण मोठं असेल तर सावलीसाठी बर ओक, म्हणजे ओकची मोठी वाढणारी जात, हीच लावा. तो तिथलाच, उणे ४० अंशांची थंडी आणि जड चिकणमाती दोन्ही सोसतो. फक्त घरापासून ८-१० मीटर लांब हवा. रोप स्थानिक बियाण्याचंच मागा, दक्षिणेकडून आलेलं थंडीत मार खातं. उंच झाडाचा मोह नको. सोटमूळ खोल जातं, म्हणून मीटरभराचं रोप लवकर रुजतं.

बर्फ वितळून माती भुसभुशीत झाली की लावा. खणण्याआधी ८११ या अमेरिकेतल्या मदत क्रमांकावर फोन करून जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइन्स आखून घ्या. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या तिप्पट रुंद, पण खोली गोळ्याइतकीच. बरीच रोपं इथेच मरतात: बुंधा जिथे मुळांकडे पसरतो तो भाग मातीखाली गेला की साल कुजते. कुंडीत गोल फिरलेली मुळं कापून मोकळी करा, नाहीतर पुढे तीच खोडाला फास लावतात.

मुळांभोवती मातीवर लाकडाच्या ढलप्यांचा ७-८ सेंटिमीटर थर पसरा, खोडाला मात्र चिकटवू नका. पहिली दोन-तीन वर्षं पाऊस नसेल तेव्हा आठवड्याला ४० लिटर पाणी. हिवाळ्यात ससे साल कुरतडतात, म्हणून बर्फाच्या थराहून उंच जाळी लावा. छाटणी एप्रिल ते जुलै अजिबात नको. ताज्या जखमेवर बसणारे भुंगे ओक विल्ट या ओक वाळवून मारणाऱ्या रोगाची बुरशी आणतात.