जुन्या लष्करी बटणांवरच्या खुणांवरून त्यांचा काळ कसा ओळखायचा?

आजोबांच्या ट्रंकेत सापडलेली पितळी बटणं कधीची, असं विचारलंय तुम्ही. आधी बटण पालथं करा. पुढूनच बघून गोष्ट रचणारे आमच्या घरात होते, म्हणून सांगतो.

असं एक बटण आमच्या देवघरात असायचं. दसऱ्याला शस्त्रांबरोबर त्याची पूजा. आदल्या दिवशी थोरले काका ते चिंच लावून घासायचे. 'खापरपणजोबा सत्तावन्नच्या बंडात होते, त्यांचं हे' हे घरात आलेल्या प्रत्येक जावयाने ऐकलेलं. कॉलेजात असताना मी ते भिंगाखाली धरलं. वर मुकुट, खाली बिगूल, मध्ये 110. मागे कारखानदाराचं नाव पुसट, पण बर्मिंगहॅम स्वच्छ वाचता येत होतं. मागची बाजू कोण घासतंय!

आता 110 बघा. मुंबईच्या पलटणींच्या जुन्या आकड्यांत शंभर मिळवले गेले ते ब्रिटिश हिंदुस्थानचा सरसेनापती किचनेर याच्या फेररचनेत, 1903 मध्ये. दहावीची एकशेदहावी झाली. 1922 मध्ये मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या आणि तो आकडाच गेला. म्हणजे बटण या एकोणीस वर्षांतलं. सत्तावन्न साली ही पलटण 'दहावी' होती. हे मी पंगतीत बोललो. काका ताटावरून उठले आणि मी 'दीडशहाणा' झालो तो कायमचा.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. 110वी पलटण पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुट गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. 29 एप्रिल 1916 ला तिथलं सैन्य शरण गेलं. आजी सांगायची, पणजोबा मेसोपोटेमियात होते. पण कैदेत गेलेला पणजोबा काकांना नको होता, बंडवाला खापरपणजोबा हवा होता.

तुमच्या बटणांचं म्हणाल तर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह असतील तर ती प्रजासत्ताकानंतरची, म्हणजे 1950 पासूनची. व्हीआर अक्षरं असतील तर राणी व्हिक्टोरिया, म्हणजे 1901 पर्यंतची. जीआरआय असेल तर पाचवे किंवा सहावे जॉर्ज, 1910 नंतरची. त्यातला आय सम्राटपदाचा. ती पदवी 1948 मध्ये गेली. मागच्या नावावर मात्र फार विसंबू नका. एकेक कारखाना शंभर वर्षं चाललाय. नाव किंवा पत्ता मध्ये बदलला असेल तरच काही हाती लागतं.

शिवाय तुटलेल्या बटणाच्या जागी शिंपी हाताला येईल ते टाकतो, तेव्हा एका बटणावरून अख्ख्या कोटाचं वय काढू नका. आमच्या 110 वरूनही पणजोबा कुटलाच होते हे सिद्ध होत नाही, हे कबूल. पण सत्तावन्न नाही म्हणजे नाही.

आणि चिंच लावू नका. आमचं बटण आता चुलत भावाकडे आहे. गेल्या दसऱ्याला त्याने फोटो पाठवला; चकाकतंय छान, पण 110 मधला शेवटचा शून्य आता हाताला लागत नाही म्हणे.