पंधरा महिन्यांनंतरचं पोर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं. तीन ते सहाची मुलं रोज अंगणवाडीत येतात, त्यांना काय शिकवायचं, कसं बसवायचं हे प्रशिक्षणात कळलं. पण तीनच्या आतल्या पोरांचं नेमकं काय करायचं, असं तू विचारलं आहेस. वजनाचा काटा टांगला की ती रडतात, टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराची, पाकिटं हातात पडली की आया निघून जातात. आणि वरच्या वाडीतली ती पावणेदोन वर्षांची मुलगी तर तुला लांबून बघितलं तरी किंचाळते.

सेविका म्हणून नोकरीला लागून चार महिने झाले आणि तुला हा प्रश्न पडला, याचा मला फार आनंद झाला. मला तो पडायला सहा वर्षं लागली होती.

जरा हिशेब मांडून बघ. मूल जन्मलं की सगळ्यांचं त्याच्याकडे लक्ष असतं. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात ठरवून घरी जाते. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत उरकतो, पुढचा त्रिगुणीचा बूस्टर थेट पाचव्या वर्षी. अंगणवाडीत रोज यायचं ते तीन वर्षं पूर्ण झाल्यावर. म्हणजे पंधरा महिने ते छत्तीस महिने, चांगली पावणेदोन वर्षं, ते पोर कुणाच्याच रोजच्या वाटेवर नसतं. महिन्याचं वजन, टीएचआर, सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा डोस आणि जंताची गोळी, एवढ्याच धाग्यांनी ते तुझ्याशी बांधलेलं असतं. आणि नेमकं याच दिवसांत ते आईच्या दुधावरून भाकरीवर येतं, घराबाहेर पळायला लागतं, दोन शब्द जोडतं, 'नाही' म्हणायला शिकतं. पोरं घसरतात ती इथेच.

तेव्हा पहिलं सांगणं हे की, त्यांची वाट बघत केंद्रात बसू नकोस. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. मग त्यांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. त्या अंगणातून आपला शब्द आला. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, तिच्या केंद्रांनाही तेच नाव मिळालं. आता आपल्याला पक्की खोली आहे, भिंतीवर चित्रं आहेत, पण दोन वर्षांच्या पोरासाठी अंगण अजून त्याच्या घरचंच आहे.

जायचं ते जेवणाच्या वेळेला. सकाळी अकराला गृहभेटीची सही होते, पण दिसत काही नाही. हे मला एका मुलीने शिकवलं, ते तुला नीट सांगते.

अकोले तालुक्यात माझ्या बीटमधल्या, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांतल्या, एका वाडीत ती होती. एकवीस महिन्यांची. वजन तीन महिने ८ किलो ६०० ग्रॅमवर अडकलेलं. दंडाचा घेर मोजायची पट्टी पिवळ्यात, म्हणजे मध्यम कुपोषणात, बारा सेंटिमीटरच्या आसपास. जुलाब नाहीत, ताप नाही, जंताचं औषध दिलेलं, टीएचआर वेळेवर जातोय. सेविका हुशार होती, तिने सगळं करून बघितलं होतं. शेवटी एका संध्याकाळी आम्ही दोघी त्या घरी जाऊन नुसत्या बसलो.

आई चुलीपासून जरा लांब, महिन्याच्या बाळाला पाजत बसलेली. आजीने ताटलीत भात-आमटी कालवली आणि मुलीपुढे ठेवली. मुलीने ताटलीकडे बघितलंसुद्धा नाही. ती आईच्या पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. तिने पदर ओढला. आई म्हणाली, "सरक गं." पुन्हा ओढला. आजीने दंडाला धरून तिला बाजूला केलं. मग ती उंबऱ्यावर जाऊन बसली, अंगठा तोंडात, पाठ आमच्याकडे. एक कोंबडी आली आणि भात टिपायला लागली. आई आमच्याकडे बघून म्हणाली, "बघा बाई, ही अशी हट्टी. खातच नाही."

घरात अन्न होतं, आजी मायेची होती, आईही वाईट नव्हती. पण महिन्यापूर्वीपर्यंत जी मांडी त्या पोरीची होती, ती गेली होती. दूध तर त्याच्याही आधी, आईला पुन्हा दिवस गेल्यावर तुटलं होतं.

डॉक्टर सिसिली विल्यम्स १९३० च्या दशकात आफ्रिकेत गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात काम करत होत्या. अंगावर सूज येणाऱ्या कुपोषित मुलांचा आजार त्यांनी नोंदवला आणि त्याला तिथल्याच गा भाषेतलं नाव ठेवलं, क्वाशिओरकोर. त्याचा अर्थ, पाठचं भावंड आल्यावर आधीच्या मुलाला होणारा आजार. म्हणजे डॉक्टरांनी लिहिण्याआधी तिथल्या आयांना ते ठाऊक होतं. आपल्याकडच्या म्हाताऱ्यासुद्धा 'पाठीवर झालं आणि हे झुरलं' असं म्हणतातच. तू पोषणाची नोंद एका रकान्यात करतेस, शिकण्याची दुसऱ्या, आणि पोराच्या मनासाठी तर रकानाच नाही. पोराच्या अंगात मात्र हे सगळं एकाच घासात मिसळलेलं असतं.

त्या घरात आम्ही फार काही केलं नाही. रोज संध्याकाळी दहा मिनिटं बाळ आजीकडे आणि थोरली आईच्या मांडीवर, एवढं ठरवलं. तिची ताटली वेगळी, म्हणजे किती गेलं ते कळतं. एक घास आईने भरवायचा, एक तिने आपल्या हाताने खायचा, सांडलं तरी चालेल. भातावर चमचाभर तेल. आईला पहिल्या दिवशी कसंतरीच वाटलं, आम्ही बघतोय म्हणून. चौथ्या दिवशी सेविका गेली तेव्हा मुलगी आईला घास भरवत होती. दोन महिन्यांत वजन ९ किलो १०० झालं.

(सूज राहून गेली म्हणून इथेच लिहिते. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाब. खळगा राहिला तर काटा काहीही सांगो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे. सुजेचं पाणी वजनात मोजलं जातं आणि पोर चांगलं वाटतं. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे लाल पट्टी, तिथेही तसंच, उद्यावर टाकायचं नाही.)

खाण्याबद्दल आया एक गोष्ट हमखास सांगतील: "आधी छान खायचा, वर्षाचा झाल्यापासून तोंड फिरवतो." त्यांना घाबरवू नकोस. पहिल्या वर्षात वजन साधारण तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. भूक थोडी कमी होणारच. पोट छोटं, म्हणून थोडं-थोडं, पण दाट. आपल्याकडे डाळीचं वरचं पाणी लेकराला आणि खालची डाळ मोठ्यांना, ही रीत फार जुनी आहे. ती मोड. चमचा तिरका केला तरी घास ओघळता कामा नये, ही खूण आयांना पटकन समजते. आणि चहा-बिस्किटाशी मात्र तुला रोज लढावं लागेल. सकाळी कपभर चहात चार बिस्किटं बुडवून दिली की पोर दुपारपर्यंत गप्प राहतं. भूकही मरते आणि चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. दुकानातल्या तळलेल्या खाऊच्या पाकिटानेही भूक मरते. शेंगदाणे, फुटाणे अख्खे देऊ देऊ नकोस, घशात अडकतात. कूट करून द्यायचं. जुलाब लागले तर ओआरएस आणि झिंक. जुलाब थांबले तरी झिंकची गोळी चौदा दिवस पुरी करायची, आया तिसऱ्या दिवशी बंद करतात.

आता माझी एक चूक सांगते. अजून सलते.

दोन वर्षांचा एक मुलगा होता. गुटगुटीत, वजन उत्तम, आलेखावर कायम हिरव्यात. मी त्या अंगणवाडीला दर महिन्याला जायचे, रजिस्टर तपासायचे आणि त्याच्या नावावरून पुढे सरकायचे. तो बोलत नव्हता. आई म्हणायची, याचा मामाही उशिरा बोलला. मीही मान डोलावली. तीन वर्षांचा होऊन तो अंगणवाडीत बसायला लागला, तेव्हा सेविकेच्या लक्षात आलं की पाठीमागून हाक मारली तर तो वळतच नाही. कान कधीचे वाहत होते, आई तेल घालत होती. उपचार झाले, पण बोलण्याची जी दोन वर्षं गेली ती गेली.

म्हणून वजन घेतेस तेव्हाच दोन मिनिटं ठेव. पोराच्या पाठीमागून हळूच वाटी वाजव, वळतं का बघ. अठरा महिन्यांचं होऊनही आधाराशिवाय पाऊल टाकत नसेल, दोन वर्षांचं होऊनही 'आई ये', 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नसेल, नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, किंवा आधी येत असलेलं काही विसरलं असेल, तर वाट बघायची नाही. शाळा-अंगणवाडी तपासणीचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा येतं, पण त्याच्या तारखेसाठी थांबू नकोस, नर्सबाईंना लगेच सांग. मामा उशिरा बोलला असेलही. आपण कान तपासून घ्यायचे.

शिकवणं म्हणजे काय, असं तुझ्या पत्रात होतं. दोन वर्षांच्या पोराला तक्ता नको, रंगांची नावं घोकायला नकोत. त्याच्याशी बोलणारं माणूस हवं. हात धुताना 'पाणी गार आहे', भाकरी थापताना 'बघ, कशी गोल झाली', एवढं बोलणं दिवसभर कानावर पडलं की शब्द आपोआप येतात. आणि पोर 'भू' म्हणालं तर थांबून 'हो, कुत्रा भुंकला' म्हणायचं. त्याला उत्तर मिळालं पाहिजे. घरी ठाकरी, म्हणजे ठाकर लोकांची बोली, बोलत असतील तर ठाकरीतच बोलू दे. पुस्तकातली मराठी पुढे येईल, तिची घाई नको. खेळणी विकत आणा असंही सांगू नकोस. झाकणाचे दोन डबे, पळी, कणीस सोलून उरलेलं बुरकुंड, आणि जवळ बसलेलं एक माणूस पुरतं. मोबाइल समोर धरून भरवणं वाडीवरही आलंय. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, नंतरही दिवसाला तासाभराच्या वर नको. मी आयांना एवढंच म्हणते, पोर जेवताना तुझ्या तोंडाकडे बघू दे.

हट्टाचं म्हणशील तर, या वयात पोराला हवं असतं खूप आणि शब्द असतात थोडे. मग ते जमिनीवर लोळतं. तेव्हा मारून किंवा ओरडून काही होत नाही, त्याचं भय तेवढं वाढतं. जवळ बसायचं, लागू द्यायचं नाही, ओसरलं की उचलून घ्यायचं. 'तुला राग आला' हे शब्द आपण त्याला द्यायचे.

सगळ्यांत आधी आईकडे बघ, हे खरं तर मी वरतीच लिहायला हवं होतं. दारात गेल्यावर पोराचं कार्ड मागायच्या आधी "तू जेवलीस का?" विचार. ज्या बाईला रात्रीची झोप नाही, नवरा पिऊन येतो, ती पोराशी काय गोड बोलणार? काही जणी तुझ्यापुढे रडतील. तेव्हा सल्ला देऊ नकोस, बसून राहा. बाळंतपणानंतर कित्येक आठवडे जी कशातच नसते, पोराला हात लावत नाही, तिला आशाताईच्या सोबतीने दवाखान्यात ने. आणि दिवाळीनंतर कामाला नारायणगावकडे जाणाऱ्या घरांची यादी आतापासून कर. पोराचं कार्ड आईच्या पिशवीत जाऊ दे, आणि तिकडच्या अंगणवाडीत नाव लावायला सांग.

आता तुझी ती किंचाळणारी मुलगी. मला वाटतं, तिच्या घरी कुणीतरी म्हणत असेल, "गप बस, नाहीतर अंगणवाडीची ताई येईल, सुई टोचेल." बहुतेक घरांत म्हणतात. एकदा आजीला प्रेमाने विचारून बघ, आणि 'ताईच्या नावाने भेव दाखवू नका' म्हणून सांग. सोमवारी जाशील तेव्हा काटा पिशवीतून काढू नकोस. तिच्याकडे बघूही नकोस. आजीशी बोल, ओट्यावर बस, आणि तुझ्याजवळचे दोन डबे एकात एक घालून बाजूला ठेवून दे. ती येईल किंवा येणार नाही. तिसऱ्या खेपेला काट्याच्या झोळीत आधी तिच्या भावाला बसव, मग तिच्या बाहुलीला किंवा काखेतल्या गाठोड्याला, आणि मग तिला झोळीत आईनेच बसवावं.

तिने डब्याला हात लावला तर मला कळव. भाकरीच्या वेळेला जा.

तुझी,
जुनी बाई